मडावीकाका आणि वाट भुललेला लॅपटॉप

मडावीकाका बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणतात. नुसतं म्हणून थांबत नाहीत. समोरचाही ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत पुढं एक शब्द बोलत नाहीत. नागझिऱ्याच्या जंगलात वनखात्याच्या वायरलेस सेटपुढे तीस वर्षं बसलेला हा माणूस. निवृत्त होऊन सडक अर्जुनीत आला, पण सेट काही डोक्यातून उतरला नाही. बाजारातली भाजीवालीसुद्धा आता सांगते, "आजचीच आहेत वांगी, ओव्हर."

त्याचं मला काही नव्हतं. खटकायचं ते हे, की काका कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. गावात कॉम्प्युटरचा मास्तर मी. शाळेची लॅब माझ्या ताब्यात, भिंतीवर माझी दोन प्रमाणपत्रं. आणि बँकेतला कारकून, ढाबेवाला, एवढंच काय आमचे हेडमास्तरही बिघडलेलं मशीन काखेत मारून माझ्या दारावरून काकांकडे जायचे. जाताजाता मला नमस्कार करायचे. तो नमस्कार फार झोंबायचा.

मग माझाच लॅपटॉप बसला.

त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत होते. सुरू करताना कोणतं हवं ते विचारायचा. जागा कमी पडते म्हणून मी एक चिमुकला, बिनकामाचा दिसणारा भाग उडवला. लॅपटॉपला सुरुवातीची वाट दाखवणारा तो भाग होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पडदा काळा. ना विंडोज, ना लिनक्स.

बायकोची, सुषमाची, दवनीवाड्याच्या म्हाताऱ्यांकडून जमवलेली भाताच्या रोवणीची गाणी त्यात होती. दोन वर्षांचं काम. दुसरीकडे कुठंही ठेवलेली नव्हती, कारण ‘मी आहे ना’ असं मीच म्हटलं होतं. दोन दिवस मी झटलो. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही राहू द्या. मडावीकाकांकडे न्या."

एवढं तर हेडमास्तरांनीही बोलून दाखवलं नव्हतं.

सोमवारी गेलो. काकांनी आधी पोहे खायला लावले. उपाशी माणसाचं मशीन ते उघडत नाहीत. मग कपाळावर चष्मा चढवून विचारलं, "काऊन उडवला जी तो भाग? ओव्हर."

"चुकून उडाला," मी म्हणालो. काका नुसते बघत राहिले. "ओव्हर," मी दात आवळून म्हणालो.

"मेला नाही जी हा. वाट भुलला. कायले घाबरून राहिले, मास्तर? उद्या या. ओव्हर."

मंगळवारी गेलो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करत काका उसासे टाकत होते. चहा झाला. अस्वलाच्या दोन गोष्टी झाल्या. "लई किचकट काम आहे. उद्या या. ओव्हर." बुधवारी पुन्हा तेच, या खेपेला बिबट्या. मी मनातून सुखावलो होतो. म्हटलं, यांनाही जमत नाही!

पण त्याच संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं आणि विंडोज की लिनक्स, असा प्रश्न पडद्यावर हजर. घरी सुषमानं पहिलं गाणं लावलं आणि डोळ्यांना पदर लावला. "काका म्हणजे काका," ती म्हणाली. मी लॅपटॉप ओढून घेतला. कुठंतरी चूक सापडेलच, म्हणून आतली नोंदवही उघडली. मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं.

आणि सापडलंच. लॅपटॉप सोमवारी संध्याकाळीच ठणठणीत सुरू झाला होता. मी घरी पोचायच्या आतच म्हणा ना! पुढचे दोन दिवस म्हातारा नुसतं नाटक करत होता.

मला इतका आनंद झाला की मी तसाच चौकातल्या चहाच्या टपरीकडे निघालो. आज सगळ्यांना सांगायचं. वाटेत वाक्यंही जुळवली. जुळवताना मधेच एक गोष्ट आठवली. तिन्ही दिवस त्या घरात माझ्याखेरीज दुसरं कुणी दिसलं नव्हतं. काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगी रायपूरला. पोहे मात्र काका दोन बशांत काढायचे आणि स्वतःची बशी तशीच ठेवून मी खातो का ते बघायचे.

टपरीवर हेडमास्तर बसले होते. "काय सर, तीन दिवस लागले म्हणे? एवढं काय झालं होतं?"

माझी वाक्यं तयार होती.

"लई किचकट होतं," मी म्हणालो. "दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

रविवारी काकांकडे गेलो. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग मागं कुणी मशीन घेऊन येतंय का ते पाहिलं.

"काय बिघडलं, मास्तर? ओव्हर."

"काही नाही. बसाले आलो. ओव्हर."

काका दारातच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी खुर्ची आणली आणि ती स्वच्छच होती, तरी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कितीतरी वेळ पुसत राहिले.