पाण्यावर थांबलेला त्रिकोण

पोलीस व्हायला निघालेल्या पोरीला त्रिकोण कुठल्या कोपऱ्यात सरकेल हे कशाला यायला पाहिजे, सांगाल का? मी हा प्रश्न एसटीत विचारला, चहाच्या टपरीवर विचारला, एका साहेबाच्या तोंडावरही विचारला. उत्तर कुणी दिलं नाही. गयाआत्याने मात्र मलाच झापलं, "त्यो सरकतोय तर सरकू दे की. तुझ्या बापाचं काय जातंय?" बाप म्हणजे तिचाच सख्खा भाऊ.

गयाआत्या युसूफ वडगावची. शेळ्या राखण्यात तिचा जन्म गेला. तिची लेक रेखा भरतीची तयारी करत होती. मैदानात ती वाऱ्यासारखी पळायची, अडायची ती लेखीत. तिथे चौकोनात काही खुणा असतात, त्या प्रत्येक चित्रात जागा बदलतात आणि पुढचं चित्र आपण ओळखायचं असतं. रेखाला ते पाहूनच घाम फुटायचा. आत्या शाळेत गेलेली नाही. पण "चित्राला अक्षर कशाला लागतंय?" म्हणत ती लेकीशेजारी बसली, ती उठलीच नाही.

अडचण एकच. कारणाशिवाय काही हलतं, हे आत्याला मान्य नव्हतं. "ही तिरकोनं बिनकामाची कावून हिंडत्यात?" मग कारणं तिनेच पुरवली. त्रिकोण म्हणजे शेळी, गोल म्हणजे पाण्याचा हौद, काळा ठिपका म्हणजे शेताचा मालक. "मालक ह्या कोपऱ्यात आला की शेळी समोरच्या कोपऱ्यात पळती. बघ, सुटलं का न्हाई?" सुटायचं! रेखाची भीती गेली.

आत्याला मात्र नाद लागला. लग्नाच्या पंगतीत ती वाढप्याकडे टक लावून बसायची. "हा दोन पानं सोडून मागं वळतोय. भजी आपल्याकडं येत न्हाईत. ऊठ, तिकडं बसू." एकदा आमचे पुढारी गावात आले, तर त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाली, "साहेब, तुमी दर निवडणुकीला एक घर सोडून उडी मारता. फुडच्या चित्रात तुमी कुठं, ते मला ठावं हाय." साहेब कसनुसे हसले. मी त्यावर पत्रक काढायला निघालो, तर तिने अडवलं. "पत्रक नको. त्येंनी वाचलं तर उडी बदलतील, मग माझं उत्तर चुकंल."

आणि मग सराव परीक्षेत रेखाचा एक प्रश्न चुकला. त्रिकोण दर चित्रात एक कोपरा पुढे सरकत होता. चौथ्या चित्रात तो गोलाच्या कोपऱ्यात पोचला. पाचव्यात पुढे जायला हवा होता. रेखाने तो तिथंच ठेवला.

"का गं?" मी विचारलं.

उत्तर आत्याने दिलं. "पाण्यावर आलीया. पिऊन तर होऊ दे."

"आत्या, कागदावरची शेळी पाणी पीत नाही."

"तान्हेली शेळी हाकलायची? असली कसली परीक्षा?"

मला आत्या त्या दिवशी फार आवडली. रेखा मात्र रडली. एका गुणाने काय जातं ते तिला माहीत होतं. भरती वर्षानुवर्षं लांबवता येते, पोरींची वयं कुणाला लांबवता येत नाहीत. तिची ही शेवटची संधी होती.

तेव्हापासून आत्याने पुस्तक बाजूला सारलं. "मीच लेकराच्या डोक्यात शेळी घातली," एवढंच म्हणायची. भाकरी पुढ्यात तशीच राहायची.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे होतो. रेखा बाहेर आली. पेपर कसा गेला, हे आत्याने विचारलंच नाही.

"पाण्याचं आलतं का?"

"आलतं."

"मग? थांबवलीस?"

"न्हाई माय. हाकलली."

आत्या रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि पदर तोंडावर घेऊन हसत सुटली. हसणं ओसरल्यावर हळूच म्हणाली, "तशीच तान्हेली हाकललीस व्हय गं?"

"मनात पाजली की."

रेखा निवडली गेली. गुलाल उधळला गेला, आणि ती प्रशिक्षणाला निघून गेली.

परवा मी वडगावला गेलतो. आत्या फोनवर लेकीला सांगत होती, "आगं, ही आकृती लई अडलीय बघ." रेखा पलीकडून सावकाश समजावत होती, आत्या हूं हूं करत होती. मांडीवरच्या पुस्तकात त्या आकृतीच्या उत्तरावर तिने कोळशाने आधीच खूण केलेली.

फोन झाल्यावर मी म्हणालो, "तुला तर येतंय की हे."

"येतंय रे. पर कशी हायस म्हणलं की बरी हाय म्हणती अन् ठिवून देती. आकृती अडली म्हणलं की बोलत बसती."

पण प्रशिक्षणात लेकीला रोज फोन करायला मिळत नाही. म्हणून एक विनंती. केजकडे कधी आलात, तर युसूफ वडगावला उतरा. गयाबाईचं घर कुणीही दाखवील. आत जा, तिच्यासमोर बसा आणि एक आकृती अडलीय म्हणून सांगा. येत असली तरी.