सूर्यतेज रेसिडेन्सीची स्वयंसारवण भिंत

भिंत असते ताप सोसायला आणि समिती असते तो ताप भिंतीकडे वर्ग करायला. सोनिवलीच्या सूर्यतेज रेसिडेन्सीत ही कामाची वाटणी पहिल्यापासून चोख होती. इमारतीत बावन्न घरं. त्यांतल्या एकोणीस घरांत ओल होती, एकतीस घरांत होती पण कुणी कबूल करत नव्हतं, आणि दोन घरं अजून विकली गेली नव्हती.

एकोणिसांतलं एक घर गोजरबाईंचं. जिथे ही इमारत आहे, तिथे पूर्वी त्यांचं मातीचं घर होतं. जागेच्या बदल्यात त्यांना दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. (आपल्याच अंगणाच्या दोन मजले वर राहण्याचा मान सगळ्यांना मिळत नाही.) त्यांच्या डोक्यावर सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणी राहत. चिंतामणींच्या बाथरूमचं पाणी गोजरबाईंच्या खोलीत भिंतीवाटे उतरे आणि कोपऱ्यातल्या बादलीत जमे. ओल पसरत गेली तशी गोजरबाईंची खाट भिंतीपासून सरकत गेली. आता ती दारात आली होती. आणखी सरकली असती, तर गोजरबाई खोलीबाहेरच झोपल्या असत्या.

"आई, हॉलमध्येच झोप ना," मुलगा संतोष म्हणायचा. "टीव्ही तरी दिसेल."

गोजरबाईंना टीव्ही नको होता. त्यांना भिंत हवी होती. पाठीशी भिंत असल्याशिवाय त्यांना जन्मात कधी झोप लागली नव्हती.

अखेर चिंतामणींचं बाथरूम खोदून दुरुस्त करण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला. सभेला माणसं जमावीत म्हणून आधी व्याख्यान आणि वडापाव ठेवायची तिथे प्रथा होती. (व्याख्यान वडापावाच्या आधी. उलट क्रम एकदा करून पाहिला होता.) या खेपेला व्याख्यानाला गोजरबाईंची नात आली होती. शलाका नाव. ती संलयन ऊर्जेवर, म्हणजे फ्यूजनने वीज करण्यावर, संशोधन करते.

"सूर्यात जे चालतं, ते आम्हाला पृथ्वीवर एका भांड्यात करायचंय," शलाका म्हणाली. "आतला वायू दहा-पंधरा कोटी अंशांवर असतो. चुंबकांनी तो अधांतरी धरतात, तरी थोडा ताप भिंतीला लागतोच. घट्ट धातूची भिंत झिजते, तिचे पोपडे निघतात. म्हणून भिंतीवर वितळलेल्या लिथियमचा थर वाहता ठेवून बघतायत. झिजला तरी मागून नवा येतो. जिथे ताप सगळ्यात जास्त, तिथे लिथियमची वाफच ढालीसारखी पुढे होते, ताप अंगावर घेते आणि चहूकडे पांगवते. शिवाय भिंतीवर आदळलेले कण लिथियम पोटात घेतं, परत पाठवत नाही."

(समितीची तक्रारपेटीही याच तत्त्वावर चालते.)

समोरचे चेहरे कोरे दिसले तेव्हा शलाकाने आजीकडे पाहिलं. "आजी, तू मातीची भिंत सारवायचीस ना? झिजली की पुन्हा हात. तसंच. फक्त ही भिंत स्वतःच स्वतःला सारवते."

"मग शेण कोण कालवतो, बाय?"

"पंप, आजी."

गोजरबाईंना ते पटलं. त्यांच्या डोळ्यांपुढे जुनी भिंत आली. शेणाचा हात फिरला की तिच्यावर बोटांचे अर्धगोल उमटायचे, आणि नवी सून आली की सासू ते अर्धगोल बघून तिचं माहेर ओळखायची. ती भिंत सारवायला कधी ठराव लागला नव्हता.

चिंतामणी उभे राहिले. "म्हणजे मॅडम, फ्यूचरची भिंत ओली असणार?"

"द्रवरूप, हो. पण पाण्याचा संबंध नाही हं, पाणी लागलं तर लिथियम भडकतं."

हे वाक्य अर्ध्यावर असताना वडापाव आला. 'हो' मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं.

वडापावानंतर ठराव एकमताने संमत झाला. ज्याअर्थी प्रगत देश अफाट खर्चून भिंती ओल्या करीत आहेत, आणि ज्याअर्थी आपल्या भिंती उपजतच ओल्या आहेत, त्याअर्थी गळतीस यापुढे 'प्रवाही भिंत' म्हणावे व दुरुस्ती करून संस्थेस मागे नेऊ नये. इतिवृत्त लिहिताना चिंतामणींनी 'स्वयंसारवण'च्या जागी 'स्वयंसारवासारव' लिहिलं. चूक कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण समितीच्या कामात तोच शब्द रुळलेला होता.

प्रयोगात कसूर नको म्हणून चिंतामणी स्वतः उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये कमलेशच्या रंगाच्या दुकानात लिथियम आणायला गेले.

"लिथियम बॅटरी में आता है साईं, सुट्टा नहीं मिलता," कमलेश म्हणाला. "ये सिल्वर पेंट ले जाओ. वैसाच चमकता है. तुमच्यासाठी ओरिजिनल के जैसा."

गोजरबाईंच्या ओल्या भिंतीला चांदीचा हात बसला. आठवडाभरात त्याचे पोपडे निघाले. घट्ट थर टिकत नाही, हे शलाकाचं म्हणणं अशा रीतीने सोनिवलीतही सिद्ध झालं.

गोजरबाईंनी शलाकाला फोन लावला. "बाय, ती वाफ गार झाली की कुठं जाते?"

"जिथून निघाली तिथेच परत, आजी. परत नाही गेली तर यंत्र चालायचं नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भरलेली बादली घेऊन जिना चढल्या. चिंतामणींनी तोंडात ब्रश धरूनच दार उघडलं.

"हे काय, गोजरमावशी?"

"तुमचा लिथियम. परत आणलाय."

"अहो, पण आमच्या घरात?"

"तुमच्याकडनंच निघाला ना? ठरावात हाय, प्रवाही हाय तो. त्याला आडवून संस्थेला मागं न्यायचं नाय, भाऊ." आणि त्यांनी बादली उंबरठ्याच्या आत, पाहुण्याला बसवावं तशी अलगद ठेवली. "उद्या परत येते."

त्या रोज गेल्या. मग उरलेल्या अठरा घरांनाही ठराव नीट समजला आणि सकाळी जिन्यात बादल्यांची ये-जा सुरू झाली. एकतीस घरांनी मात्र बादली उचलली नाही. उचलली असती तर कबूल करावं लागलं असतं.

लवकरच तातडीची सभा झाली. हे तंत्रज्ञान काळाच्या फार पुढे असल्याचं समितीने मान्य केलं आणि संलयनाची वीज येईपर्यंत प्रवाही भिंतीला स्थगिती दिली. (वीज वीस-तीस वर्षांत येईल. गेली साठ-सत्तर वर्षं ती वीस-तीस वर्षांतच येते आहे.) चिंतामणींचं बाथरूम खोदलं गेलं, भिंत वाळली, आणि गोजरबाईंची खाट दारातून निघून पुन्हा भिंतीला टेकली. त्या रात्री चांदीच्या उरल्यासुरल्या डागाला पाठ लावून त्या गाढ झोपल्या.

त्या एकतीस घरांना तुम्ही हसला असाल, ते योग्यच. हसून झालं की तुमच्या झोपायच्या खोलीतलं कपाट तेवढं जरा पुढे ओढा. ते तिथे का सरकवलं होतं, हे तुम्हाला आठवत असेलच.