पहिले दोन सेंटिमीटर

माप सगळीकडे सारखंच असतं, असं ज्यांच्या हातात कधी टेप आली नाही ते लोक छातीठोकपणे सांगतात. मी सुतारशेडमध्ये सव्वीस वर्षं काढलीत, म्हणून मी तेवढं ठामपणे सांगत नाही.

आमचं ऑफिस चार मजल्यांचं, मागे शेड. शेडचे मुख्य म्हणजे मिस्त्री. हे माझे सासरेही लागतात (आधी रंधा धरायला शिकवलं, मुलगी नंतर दाखवली). मिस्त्रींची टेप बावीस वर्षांपूर्वी करवतीखाली आली आणि तिचे पहिले दोन सेंटिमीटर उडाले. मिस्त्रींनी कड कानशीनं घासली, टोकाची पत्री रिव्हेट मारून परत बसवली आणि काम चालू. तेव्हापासून ती टेप दोनपासून सुरू होते. मी एकदाच बोललो.

"मामा, सुरुवातीचे दोन नाहीत."

"सुरुवातीचे दोन कुणाला लागतात रे? माणूस वाचतो ते शेवटचं."

बोलण्यात तथ्य होतं. चौकट मोजायची त्याच टेपनं, दार कापायचं त्याच टेपनं. दोन्हीकडे खोटं सारखंच, म्हणून दार गच्च बसायचं. ऑफिसातलं एकूण एक कपाट, टेबल, पार्टिशन असंच झालं. बावीस वर्षांत तक्रारी शून्य (एक आली होती, ती कुत्र्याबद्दल होती).

मग सुधारणा आली. लेझरचं यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि यंत्रावर आकडा उमटतो. ते हाताळायला एक माप-अधिकारी नेमला. माणूस सज्जन होता, आम्ही त्याला ठिपकाच म्हणायचो. यंत्राला भुसा चालत नाही, म्हणून शेडमध्ये ते आणायला बंदी. म्हणजे वर यंत्रानं मोजायचं आणि खाली टेपनं कापायचं. या व्यवस्थेला परिपत्रकात 'समन्वय' असं नाव होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या अठरा चौकटी ठिपक्यानं मोजल्या, मिस्त्रींनी अठरा दारं कापली. अठराच्या अठरा दोन सेंटिमीटर तोकडी. (इतकं सातत्य आमच्या दुसऱ्या कुठल्याच कामात आढळलेलं नाही.) दार लावलं तरी फटीतून आतलं सगळं दिसायचं. तक्रार निवारण विभागाचं कामकाज तेव्हा प्रथमच पारदर्शक झालं. सहा जण टेबलाभोवती बसून डुलक्या घेत होते.

चौकशी समिती बसली. तिनं टेप जप्त करून टेबलावर ठेवली आणि तिघांनी तिच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. अहवाल निघाला: 'मिस्त्री हे प्रमाणापेक्षा दोन सेंटिमीटरने कमी भरतात, सबब त्यांना आठ तारखेपासून घरी बसवावे.' मोठ्या साहेबांची सही तेवढी राहिली.

घरी म्हणजे आमच्या घरी, दोन खोल्यांत. बायको म्हणाली, "बाबा दिवसभर करणार काय?"

"मोजतील."

"काय मोजतील?"

"आपल्याला."

ती हसली नाही. मीही मग हसलो नाही. मामांचे दोन दिवस टेपेविना गेले. हात रिकामा असला की त्यांचा अंगठा आपोआप हलायचा, टेप अडवून धरल्यासारखा.

सहीआधी नियमाप्रमाणे सगळ्या खोल्या यंत्रानं मोजायच्या होत्या. आता दुसरा एक नियम ऐका. केबिन चार मीटर रुंद असेल तर सोफा, गालिचा आणि स्वतंत्र शिपाई. त्याहून कमी भरली तर दोन लाकडी खुर्च्या. मोठ्या साहेबांची केबिन मामांनीच पार्टिशन घालून काढलेली, बरोबर चार मीटर. मी तिथंच दाराची बिजागरी आवळत होतो. ठिपक्यानं यंत्र लावलं.

"सर, तीन पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

"परत मोजा."

तीनदा मोजलं. यंत्राला समजच नव्हती, तेच तेच सांगत राहिलं. साहेब सोफ्यावरून हळूच उठले (बसून राहणं एव्हाना नियमबाह्य झालं होतं).

"मिस्त्रींना बोलवा. टेप घेऊन या म्हणावं."

"टेप समितीकडे जप्त आहे, साहेब," मी म्हणालो.

"मग समितीलाही बोलवा!"

मामा आले, गुडघ्यावर बसले, टेप लावली, मान तिरकी करून वाचली.

"चार मीटर. केसभरही कमी नाही."

"याला म्हणतात अनुभव," साहेब म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. ती डोललेली पाहून बाकीच्या दोघांनीही डोलावली.

अहवाल त्याच संध्याकाळी सुधारला. यंत्राला इथली हवा मानवत नाही असं ठरलं आणि ते काचेच्या कपाटात सन्मानानं ठेवलं. (कपाट मामांनी केलं. यंत्र असं गच्च बसलंय की आता निघत नाही.) ऑफिसातल्या बाकीच्या एकशे चौदा टेपा शेडमध्ये मागवल्या आणि प्रत्येकीचे पहिले दोन सेंटिमीटर कापून त्या प्रमाणित केल्या. मी स्वतः कापल्या. ठिपक्याला त्यातलीच एक दिली. त्यानं टेपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "सुरुवातीचे दोन कुणाला लागतात?"

मामा अजून शेडमध्येच आहेत. हल्ली लोक तिथं उंची मोजून घ्यायला येतात, कारण आमच्याकडे माणूस दोन सेंटिमीटरनं जास्त भरतो. मी लपवालपवी करत नाही. प्रत्येकाला टेपेचं तुटकं टोक आधी दाखवतो, मग मोजतो. आजवर दोनशे सहा जण मोजले. सगळ्यांनी ते टोक पाहिलं, आकडा ऐकला, पाठ आणखी ताठ केली आणि आभार मानून गेले. 'परत मोजा' असं एकानंही म्हटलं नाही.

तुम्ही हसताय, हसा. कधी इकडून गेलात तर शेडमध्ये डोकावा. तुमच्या नावाची खूण मी भिंतीवर खडूनं आधीच करून ठेवलीय, जरा वरच. टाचा उचलायची गरज नाही.