व्हर्लिन टॅकेटच्या दुःखाची रीतसर चेष्टा

आमच्या नॅशव्हिलमध्ये गाणं गाजलं की नाही, हे खपावरून ठरत नसे. आम्ही दोघांनी त्याचं विडंबन केलं की ते गाजलं, असं रेकॉर्ड कंपनीचं धोरण होतं. मी गिटार धरून गंभीर चेहऱ्याने गात असे. माझा जोडीदार हॉयट मॅन्डोलिन वाजवता वाजवता बावळटपणा करी. एका तबकडीच्या दोन बाजूंवर दोन थोर गायकांची दुःखं आम्ही निकालात काढत असू.

त्रेपन्न साली व्हर्लिन टॅकेट टोपी हातात घेऊन आमच्याकडे आला. त्याची बायको डोर्मा त्याला सोडून नॉक्सव्हिलला बहिणीकडे निघून गेली होती. त्यावर त्याने एक गाणं केलं होतं. ते रेडिओवर ऐकून ती परत येईल, एवढीच त्याची आशा होती. पण विडंबन न झालेलं गाणं रेडिओवाले दिवसातून एकदाच लावत, आणि तेही पहाटे, डुकरांच्या बाजारभावाआधी.

"माझी चेष्टा करा रे," तो म्हणाला. "एवढं काम करा."

"तुझं गाणं आधीच इतकं रडकं आहे," हॉयट म्हणाला, "आम्ही त्यात आणखी काय बिघडवणार?"

तरी आम्ही त्याला कंपनीच्या कचेरीत नेलं. तिथे प्रूइट बाईंनी विडंबन-अनुमतीचा अर्ज तीन प्रतींत पुढे ठेवला.

"रकाना सात, चेष्टेस पात्र बाबी," बाई म्हणाल्या. "हा तुम्ही भरायचा नाही. गाण्यातल्या दुःखास जी व्यक्ती कारणीभूत असेल, तिने भरून सही करायची."

"अहो बाई, ती माझ्याशी बोलत असती तर मी गाणं कशाला केलं असतं?"

"ते रकाना नऊमध्ये लिहा. इतर अडचणी."

अर्ज टपालाने नॉक्सव्हिलला गेला. आठ दिवसांनी परत आला, तेव्हा रकाना सातला डोर्माच्या अक्षरातले सहा जादा कागद टाचलेले होते: मी तापाने फणफणत असताना हा माझ्या उशाशी बसून गिटार जुळवत होता. मी केलेला मक्याचा पाव खाताना दर घासाला याला आईचा पाव आठवतो. गाण्यात याचे अश्रू चार कडव्यांत आहेत, माझं नाव एकदाही नाही.

आम्ही फक्त यमकं जुळवली. ती तबकडी रेडिओवर दिवसातून सहा वेळा वाजू लागली. न्हाव्याच्या दुकानात माणसं मांडीवर थाप मारून हसत. एकजण म्हणे, "अगदी आमच्या शेजारचा अर्ल." अर्ल शेजारच्याच खुर्चीत होता. तो म्हणे, "छे, हा तर माझा मेहुणा."

व्हर्लिनने ती आमच्यासमोर बसून ऐकली. तो हसला नाही.

"हे तिनं मला कधी सांगितलंच नाही."

"शेवटचा कागद बघ," मी म्हणालो.

त्यावर लिहिलं होतं: हे सगळं मी याला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा हा म्हणाला, जरा थांब, रेडिओ लागलाय.

व्हर्लिनने सहाही कागद घडी करून खिशात घातले आणि नॉक्सव्हिलची बस पकडली. तिथे तो काय बोलला, कुणाला ठाऊक नाही. डोर्मा म्हणते, तो बोललाच नाही, म्हणूनच ती परत आली. कंपनीने मात्र त्याच्या नावापुढे 'दुःख संपुष्टात, गायनास अपात्र' असा शेरा मारला.

मग रकाना सातची गोष्ट बाहेर फुटली आणि पोती भरभरून टपाल येऊ लागलं. राज्यभरच्या बायकांना फक्त रकाना सात हवा होता. गाण्याशिवाय अर्ज देता येत नाही, असं प्रूइट बाईंनी प्रत्येकीला कळवलं, तेव्हा त्यांनी साध्या कागदांवर लिहून पाठवलं. त्या कागदांवर आमची एकोणीस वर्षं निघाली. एवढ्या वर्षांत एकाही नवऱ्याने स्वतःला ओळखलं नाही. प्रत्येकजण तबकडीच्या दोन प्रती घेई, एक स्वतः ऐकून हसायला आणि दुसरी मेहुण्याला सुधारायला.

हे वाचताना तुम्हालाही एखादा मेहुणा आठवला असेल. प्रूइट बाईंचं कपाट मी दोनदा तपासलंय. त्यात मेहुण्यांवर एकही कागद नाही.