हिंगाच्या डबीतली गोचीड

आमच्या शेजारच्या सिंधूकाकू आल्या-गेल्याला पाणी नंतर विचारतात, आधी पाठ विचारतात.

"थांब वं, पाठ पाहू दे."

मग येणारी व्यक्ती सोयरीक घेऊन आलेली असो की उसनी साखर मागायला, फाटकाशी उभं राहून मान वाकवावी लागते. काकू कानामागे बघतात, केसांच्या कडेनं बोट फिरवतात, पुरुषमाणूस असेल तर कॉलर उलटी करून भागवतात. गॅस सिलिंडरवाला तर आता काही न बोलता आपणहून वळून उभा राहतो. एवढा छळ कशासाठी, तर गोचिडीसाठी.

पांढरकवड्यात मी शाळेत शिकवते, आणि काकूंची नि माझी भिंत एक. केळापूरच्या अंगाला त्यांचं शेत आहे, त्याच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, झुडपी जंगल. त्या जंगलात वाघ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण काकूंना वाघाची भीती नाही. "वाघ मोठा राह्यते माय, दिसते तरी," असं त्यांचं म्हणणं. न दिसणाऱ्या गोष्टींनीच त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

सापडलेली गोचीड त्या लगेच मारत नाहीत. आधी ती कोणाची आहे हे ठरलं पाहिजे. शेळीची, कुत्र्याची, रानडुकराची, असे त्यांचे तिच्या खानदानाचे हिशेब. मग ती चिकटपट्टीखाली भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेला डकवतात. "उद्या ताप आला तं डॉक्टरले काय दाखवशीन?" त्यामुळे काकूंच्या घरी चतुर्थी कधी आहे हे बघायला गेलं, की चतुर्थीच्या शेजारी एक तपकिरी, चपटी, आठ पायांची बाई आपल्याकडे बघत असते. आमच्या घरी कोणी काकूंचं कॅलेंडर बघायला जात नाही.

काढण्याचेही नियम कडक. रॉकेल नाही, बिडीचा चटका नाही, पिरगाळणं तर नाहीच. "चिमटा कातडीले टेकव अन् सरळ ओढ. रॉकेल टाकलं का ते पोटातलं आत ओकते." हे वाक्य मी इतकं ऐकलंय की वर्गात एकदा तोंडातून जाता जाता राहिलं.

यंदा पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. रविवारी दुपारी काकू दारात आल्या आणि पाठ पाहू दे म्हणाल्या नाहीत.

"आरसा हाय का वं?"

"तुमच्याकडे आहे ना?"

"एक हाय. दोन लागते."

खोदून विचारल्यावर कळलं. पाठीत मधोमध काहीतरी खाजत होतं. हात ना वरून पुरे ना खालून. पुळी असेल म्हणून काकू आठवडाभर उलथन्याच्या दांड्याला हळद लावून तिथवर पोचवत होत्या. आज दांड्याला काहीतरी लागलं, आणि ते हललं.

त्यांना स्टुलावर बसवलं, पदर बाजूला केला आणि ब्लाउजची मागची बाजू खाली ओढली. पाल दिसली तरी शेजारणीला हाक मारणारी बाई मी, आणि इथे तर शेजारीणच पुढ्यात बसलेली. हळदीच्या पिवळ्या डागात तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलं होतं. राखाडी, गुळगुळीत. त्याचे पाय हलत होते.

"बोल ना वं. पाय किती?"

"काकू, मोजू कशी? हलून राहिलेत."

"मास्तरीण हायेस ना? मोज."

आठ भरले.

"रंग?"

"राखाडी."

"चपटी हाय?"

"नाही हो. टम्म आहे."

तपासणाऱ्या काकूच, रोगीही काकूच, आणि डोळे तेवढे माझे. मी मोबाइलवर फोटो काढला. पहिल्या फोटोत माझा अंगठा आला, दुसऱ्यात स्टूल. तिसरा त्यांनी चष्मा खाली-वर करून बराच वेळ पाहिला.

"अशी गुराच्या कानात पाह्यली म्या. माणसावर नाही पाह्यली. इतक्यायच्या पाठी पाह्यल्या, एकाच्याही अंगावर अशी नाही." मग आवाज उतरला. "हे नवीन जात हाय वं. माणसावरची."

काकूंना एखादी गोचीड ओळखता आली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. कुठून आली, काय घेऊन आली, सगळंच अंधारात. चिमटा माझ्या हातात होता आणि काकू मागे न बघता हुकूम सोडत होत्या. "टेकव. अजून टेकव. आता ओढ, हिसका नको." एकदाची ती आख्खी निघाली. ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून हिंगाची डबी रिकामी केली.

"सुधीरला फोन लावू?" मी विचारलं. सुधीर त्यांचा मुलगा, पुण्याला असतो.

"तो काय करीन? व्हिडिओ कॉलवर पाठ दाखवू का त्याले?" असं म्हणून त्या हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही. "मले ताप तं नाही ना? हात लाव."

हात लावला, ताप नव्हता. पण संध्याकाळपर्यंत भिंतीवर टकटक होत राहिली. टकटक झाली की मी जायची, कपाळाला हात लावायची, नाही म्हणायची. शेवटी शेवटी मला माझंच कपाळ गरम लागायला लागलं.

सोमवारी मी शाळेतून सुट्टी काढली. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तर काकू निघाल्या जनावरांच्या दवाखान्यात. "माणसाचा डॉक्टर ताप पाहीन. मले ताप कुठी हाय? आधी हे कोण हाय ते समजू दे." काखेत पिशवी, पिशवीत डबी, आणि पुरावा म्हणून कॅलेंडरचं एक पान फाडून घेतलेलं. बाकावर शेजारी एक शेळीवाले बसले होते. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "तुमचं जनावर कुठी हाय, बाई?"

"डबीत," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी डबी उघडली, हिंगानं दोनदा शिंकले, आणि गोचीड तळहातावर घेतली. काकूंनी कॅलेंडरचं पान शेजारी धरलं.

"हे आमच्या इकडली. अन् हे पाहा, हे कोण हाय?"

"तीच हे, काकू."

"तीच कशी? ते तिळाएवढी, हे तुरीएवढी."

"तिळाएवढी तुम्ही लगेच काढली. हिले वेळ भेटला, हे रक्त पिऊन फुगली. गुरावर अशाच राह्यते. माणसावर इतकी फुगू देत नाही कोणी, घरात कोणी ना कोणी पाहतेच." ते हात धुवायला वळले. "घाबरू नका. पण दोन-तीन आठवडे ताप, अंगावर पुरळ यावर लक्ष ठेवा, अन् आज माणसाच्या डॉक्टरले एकदा जखम दाखवून द्या."

'घरात कोणी ना कोणी पाहतेच' हे ते वाईट हेतूनं म्हणाले नव्हते बिचारे. त्यांचं लक्ष पुढच्या शेळीकडे होतं.

काकूंनी डबीचं झाकण लावलं. माणसाच्या डॉक्टरकडे जखम दाखवली, गोळ्या घेतल्या, घरापर्यंत आलो, पण फाटकाशी त्यांनी माझी पाठ पाहिली नाही. मला फार वाईट वाटलं. काका होते तेव्हा शेतातून आल्यावर दोघं ओट्यावर बसायचे, काकू पाठमोऱ्या, काका चष्मा कपाळावर चढवून बॅटरीच्या उजेडात एकेक बोट सरकवत. मग दोघं जागा बदलायचे. काका गेल्यावर काकूंनी अख्ख्या आळीच्या पाठी तपासायला घेतल्या. त्यांची कोण पाहतं, हे ना गॅसवाल्याच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काकू फाटकाशी उभ्याच होत्या. आवाज बारीक होता, पण शब्द तेच. "थांब वं, पाठ पाहू दे."

मी मान वाकवली. त्यांचं झालं तशी म्हटलं, "आता तुमची."

"माह्या पाठीले काय झालं? परवा तं काढली."

"बसा."

त्या ओट्याच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि पदर खाली घेतला.

"मानेपासून सुरू कर," त्या म्हणाल्या. "तुह्या काकायचं तसंच राह्यचं."

मी मानेपासून सुरू केलं. पाठ हडकली होती, परवाच्या जखमेभोवती हळदीचा डाग अजून होता. ताप नव्हता, पण माझी भीती अजून गेली नव्हती, म्हणून मी सावकाश कमरेपर्यंत पाहिलं.

"काही नाही काकू. साफ आहे."

त्यांनी पदर उचलला नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "अजून एकडाव पाह्य."