मुलगी पाहिली, तीही इंग्रजीत

त्या काळी अख्ख्या नाशकात इंग्रजीतल्या ‘दो’ आणि ‘ऑल्दो’ यांतला फरक कळणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे वाल्मीकराव मास्तर. त्यातही मास्तर जरा कच्चे!

मास्तरांची मुलगी द्वारका मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेच्या घाटावर, पाहिली होती आणि लग्न करीन तर हिच्याशीच, असं ठरवूनही टाकलं होतं. मास्तरांची अट एकच, जावयाचं इंग्रजी पक्कं हवं. म्हणजे मुंडावळ्या बांधल्यातच जमा! थोरल्या भावाला, यादवदादाला, घेऊन मी ऐटीत पंचवटी गाठली.

द्वारका चहा ठेवून आईशेजारी बसली. मास्तरांनी लगेच फर्मावलं, ‘दो’, ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ कुठे कुठे वापराल ते उदाहरणं देऊन सांगा.

आता या शब्दांची एक खोड आहे. नुसत्या कौतुकावर त्यांचं भागत नाही, जोडीला काहीतरी उणंही लागतं. मी समोर दिसेल ते घेत सुटलो. चहा गार असला तरी गोड आहे. घर अंधारं आहे, पण हवेशीर आहे. मास्तर खूश होऊन मांडीवर थाप मारू लागले. मलाही चेव चढला. होणाऱ्या सासूबाई जाड्या असल्या तरी चपळ आहेत. मुलगी सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे!

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं म्हणून बरं. पण भाषांतर झाल्याशिवाय मास्तरांचा धडा कधी संपत नसे.

“आता मराठी करा,” ते म्हणाले.

मी केलं. खणखणीत आवाजात केलं.

सासूबाई उठून आत गेल्या. दादाने डोळे मिटून घेतले. मास्तरांनी मात्र मला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि लेकीला तिचं मत विचारलं, तेही इंग्रजीत. द्वारकेने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि ती एकच वाक्य बोलली. आम्ही निघालो.

टांग्यात बसल्यावर दादाने विचारलं, “काय म्हणाली रे ती?”

“यांचं इंग्रजी उत्तम आहे, पण मला हे नकोत.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! तिने ‘ऑल्दो’ने सुरुवात केली असती, तर घाव जरा हळू बसला असता. पण पोरगी पक्की. तिथे ‘बट’च हवं होतं, मीसुद्धा तेच घातलं असतं.