युफ्रेझीआजीचं रिकामं ताट

व्हर्लिनला फक्त तीन दिवस आणि एक जाळीचा झुला हवा होता.

आठवड्यातले चार दिवस ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला, एका पाहुणेघरात चादरी बदलायला जायची. तिथे तिने एकदा एका परदेशी बाईला पाहिलं. बाई न्याहारीपासून जेवणापर्यंत झुल्यात पडून होती, पुस्तकाचं एकच पान उघडं ठेवून. आणि त्या सगळ्या वेळात तिला एकाही माणसाने येऊन विचारलं नाही की माझा दुसरा मोजा कुठाय. व्हर्लिनच्या मनातून ते दृश्य जाईना. तिच्या घरी होडीबांधणीचं काम करणारा नवरा केनरिक, पाच वर्षांची लेक किझाया, सासूबाई आयँथ आणि दहा महिन्यांचा थिओ होता. थिओ जन्मल्यापासून सलग दोन तास झोपला नव्हता, आणि तो झोपला नाही की घरात आणखी कोण जागं राहतं ते सांगायला नको.

जागा तिने हेरून ठेवली होती. त्यांच्या विंडवर्ड गावाच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं पिटी मार्टिनीक बेट. त्यांचं स्वतःचं कॅरिआकू बेट लहान, तर हे त्याच्या काखेत मावेल एवढं. तिथे तिच्या मैत्रिणीचं, ओडेटाचं घर रिकामं होतं, किल्ली व्हर्लिनकडे होती, आणि अंगणात बदामाच्या दोन झाडांमध्ये झुला टांगलेला होता. मंगळवारी तिने नवऱ्याला विचारलं. "माझं काही म्हणणं नाही. आईला विचार," तो म्हणाला. लग्नानंतरच्या सात वर्षांत त्याचं कशालाच काही म्हणणं नव्हतं.

आईला विचारलं.

"सुट्टी?" मक्याच्या पिठात फिरणारी घोटणी थांबली. "कशापासून?"

विंडवर्डमध्ये सुट्टी ही परदेशी, ब्रुकलिनला आणि हडर्सफील्डला गेलेल्या माणसांनी येताना सोबत आणायची वस्तू होती. इथे राहणाऱ्यांनी त्यांच्यासाठी फक्त रांधायचं.

राहिला एकच मार्ग. विंडवर्डमध्ये जिवंत माणसाला कुणीही उलट बोलेल, पण स्वप्नात आलेल्या पूर्वजाला कुणी नाही म्हणत नाही. स्वप्नात आजोबांनी नुसत्या भुवया चढवल्या म्हणून केनरिकने एकदा अर्धी झालेली होडी उकलून पुन्हा बांधली होती. बुधवारी सकाळी थिओला उकडलेला ब्रेडफ्रूट कुस्करून भरवताना व्हर्लिन सहज म्हणाली, "आई, रात्री युफ्रेझीआजी आल्या होत्या."

युफ्रेझी ही आयँथबाईंची सासू. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. व्हर्लिनची आणि तिची ओळख भिंतीवरच्या फोटोपुरती.

आयँथबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "काय घातलं होतं?"

"ते... निळी टोपी होती."

फोटो काळा-पांढरा आहे हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. पण सासूबाईंनी मान डोलावली. "निळीच होती. मग? काय म्हणाली?"

"म्हणाल्या, पोरी, थकलीस. तीन दिवस पाण्यापलीकडे जा, जरा अंग टाक."

"असं म्हणाली? युफ्रेझी?"

"हो."

"हातात काय होतं?"

इथे 'काही नाही' म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते सजवायचा मोह आवरत नाही. व्हर्लिनच्या नजरेसमोर थिओने नुकतंच चाटूनपुसून ठेवलेलं ताट होतं.

"ताट," ती म्हणाली.

"भरलेलं?"

"रिकामं."

आयँथबाई उठल्या, दारात गेल्या आणि होड्यांच्या दिशेने हाक मारून म्हणाल्या, "केनरिक, बोकड बघून ठेव. आजी उपाशी आहे."

पाण्यापलीकडे जायचं राहिलं बाजूला. पूर्वज उपाशी आला म्हटल्यावर सगळ्या गावाला जेवू घालायचं, आणि पहिलं ताट बंद खोलीत, पांढऱ्या कापडावर, त्याच्यासाठी मांडायचं. त्यात स्वयंपाकाला पहिला हात लागतो तो ज्याला स्वप्न पडलं त्याचा. दिवस ठरला पुढच्या आठवड्यातला शनिवार. व्हर्लिनने बॅग भरायचा ठरवलेला तोच. संध्याकाळपर्यंत ब्रुकलिनला फोन गेले. सहा वर्षांत न फिरकलेल्या तिन्ही नणंदा पोराबाळांसह निघाल्या. एकूण अकरा माणसं, आणि झोपणार व्हर्लिनच्या दोन खोल्यांत. धाकट्या नणंदेने फोनवर आनंदाने सांगितलं, "वहिनी, बरं झालं बाई. आम्हालाही सुट्टी हवीच होती."

शुक्रवारी व्हर्लिनने आणखी एक स्वप्न काढलं. आजी पुन्हा आल्या, म्हणाल्या, पोट अगदी भरलंय, कुणी त्रास घेऊ नका.

सासूबाईंनी विचारलं, "दोनदा आली?"

"हो."

"लाजते बिचारी. जिवंतपणीही अशीच. भुकेने पोट खपाटीला गेलं की म्हणायची, मला काही नको." मग त्या दाराकडे वळल्या. "केनरिक, दोन बोकड."

त्यानंतर आजींना स्वप्नात आणायची व्हर्लिनची छाती झाली नाही. तिने मका दळला, तूर सोलायला मागवली, कांदे चिरले. जेवणाच्या आदल्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. सगळं कबूल करायचं ठरवून ती मागच्या अंगणात गेली. तिथे आयँथबाई तिन्ही लेकींच्या मध्ये बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मांडीवर कधीच न पाहिलेली नात होती. कशावर तरी त्या तोंड उघडून, दात पडलेली जागा दिसेपर्यंत हसत होत्या. सात वर्षांत व्हर्लिनने हे हसू ऐकलं नव्हतं. तोंडाशी आलेला कबुलीजबाब तिने गिळला.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. मीठ कुठे ठेवलंय?"

"तुझ्या हातात."

शनिवारी गाव लोटलं. ढोल घुमले, अंगणाच्या चारी कोपऱ्यांत रमचे थेंब शिंपडले गेले, मक्याच्या घोटीव पिठाचे गोळे आणि बोकडाचं मटण परातींतून फिरू लागलं. त्याआधी व्हर्लिनने बंद खोलीत पांढरं कापड अंथरलं, ताट मांडलं, पाण्याचा पेला ठेवला आणि फोटोतल्या बाईसमोर उभी राहिली. "आजी, चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला उगाच उठवलं." पाय दुखत होते म्हणून ती पलंगाच्या कडेला बसली. कडेवरून जरा मागे सरकली. थिओ आत्यांकडे होता. दाराशी यायची कुणाची हिंमत नव्हती.

ती उठली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. घाबरत दार उघडलं तर बाहेर जाणती मंडळी आदराने खालच्या आवाजात बोलत होती. ह्या वेळी पूर्वज फार सावकाश जेवले, म्हणे.

बुधवारी पाहुणे गेले. गुरुवारी न्याहारीला आयँथबाई म्हणाल्या, "काल रात्री युफ्रेझी माझ्याकडे आली होती."

व्हर्लिनच्या हातातला पाव तिथेच राहिला.

"जेवण आवडलं म्हणाली. म्हणाली, पोरीला आता पाण्यापलीकडे पाठव. मुलं केनरिककडे राहू देत."

"माझ्याकडे?" केनरिकचा चमचा हवेत थांबला. "आजी असं म्हणाली?"

"नाव घेऊन. आणि पोरीला सोबत म्हणून मी जावं, असंही."

केनरिकने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्याला पहिल्यांदाच काहीतरी म्हणायचं होतं. पण फोटोला कोण उलट बोलणार?

धक्क्यावर सासूबाई ब्रुकलिनहून आलेल्या नव्या चपला घालून व्हर्लिनच्या आधी हजर होत्या. व्हर्लिनने किझायाची वेणी पुन्हा घातली, थिओच्या मानेत नाक खुपसून त्याचा वास भरून घेतला आणि मागे न बघता होडीत बसली. होडी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्या हातात काहीच नाही. हात ठेवायचे कुठे ते तिला समोरच्या किनाऱ्यापर्यंत कळलं नाही.

झुला एकच होता. आयँथबाई त्यात संशयाने बसल्या, मग आडव्या झाल्या.

"आता काय करायचं?"

"काही नाही."

"किती वेळ?"

"तीन दिवस."

सासूबाईंनी ह्यावर थोडा विचार केला आणि ओडेटाच्या नवऱ्याची मासेमारीची दुर्बीण मागितली. समोरचा किनारा बघत त्या म्हणाल्या, "एका चिमट्यात तीन-तीन लंगोट लावतोय."

"आणि थिओ?"

"त्याच्या खांद्यावर. झोपलाय वाटतं."

"झोपलाय?" व्हर्लिनने दुर्बीण जवळजवळ हिसकावली. खरंच. भर उन्हात, बापाच्या खांद्यावर मान टाकून, गाढ. दहा महिने तिला जागवणारा हा लबाड. हसावं की रडावं कळेना. ती तशीच बघत राहिली, दुर्बिणीची काच धूसर होईपर्यंत.

"पोरी," झुल्यातून आवाज आला. आयँथबाईंचे डोळे मिटलेले होते.

"हो, आई?"

"पुढच्या वर्षी युफ्रेझीला आणशील, तेव्हा हातात ताट देऊ नकोस."